तापलेला व्हॉल्व्ह आणि मागचा आवाज

आमच्या घराच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी पडून होती. वरची जाळी गंजलेली, पुढच्या बाजूला चार मोठी बटणं, त्यातलं एक तुटलेलं. घरात तिला सगळे 'मशीन' म्हणायचे. मुरबाडहून सरळगावमार्गे किन्हवली-शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमचं गाव. त्या पट्ट्यात आजोबा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न, साखरपुडा, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची सभा, म्हशाची जत्रा. दोन कर्णे, एक माईक, तबकड्या वाजवायची पेटी आणि हे मशीन. बैलगाडीत गवत पसरून त्यावर ते ठेवायचे. कारण आत काचेचे व्हॉल्व्ह होते आणि रस्ता आमच्याकडचा होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सकाळी आसनगावहून लोकल पकडतो, ठाण्याला उतरतो, पुढे ऐरोली. रात्री घरी आलो की शहापूरच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करतो. मोठा संगीतकार वगैरे नाही. मित्रांच्या शॉर्ट फिल्मना पार्श्वसंगीत देतो, कुणाचं गाणं असलं तर मिक्स करून देतो. मागच्या दिवाळीत सेल लागला म्हणून मी एक प्लगइन घेतलं. साधारण दोन हजार रुपये. उघडलं की स्क्रीनवर लालसर तापलेल्या व्हॉल्व्हचं चित्र येतं आणि मध्ये एकच मोठं बटण. ते उजवीकडे फिरवलं की आवाज 'उबदार' होतो, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

बाबा मागे उभे होते. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपलं मशीन. आपण ते भंगारात घालायला निघालोय आणि तू त्याचं चित्र विकत घेतलंस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो. सापडलं ते इथे सांगतो.

काचेतला पाट

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ मध्ये असा दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या दोन टोकांच्या मध्ये एक बारीक जाळी घातली आणि खरी गंमत सुरू झाली. जाळीवर अगदी छोटा विद्युत दाब कमीजास्त केला की मधून जाणारा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. कुजबुजीची आरोळी करता येऊ लागली ती इथून.

आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा शेताचा पाट आहे. पाटाच्या तोंडाशी एक फळी आहे. फळी बोटभर हलवली की मागचं सगळं पाणी हलतं. फळी हलवायला ताकद लागत नाही, ताकद पाण्याची असते. व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थही झडप असाच आहे.

आता पाटाला काठ असतात. पाणी एका मर्यादेपलीकडे सोडलं तर ते पाटात मावत नाही. फळी आणखी उचलली तरी पुढचा प्रवाह वाढत नाही. व्हॉल्व्हचंही तसंच होतं. आत येणारा आवाज फार मोठा झाला की बाहेर जाणाऱ्या लहरीचे शेंडे दबतात, गोल होतात. याला म्हणायचं सॅच्युरेशन. खरं तर ही चूक आहे. आत गेलं तेच बाहेर यायला हवं होतं, ते आलं नाही. तरी कानाला ती चूक गोड लागते. का?

लहरीचा आकार बिघडला की तिच्यात नवे सूर जन्मतात आणि ते कुठलेही नसतात. मूळ सूर षड्ज धरा. त्याच्या दुप्पट वारंवारितेचा सूर म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. चौपट म्हणजे आणखी वरचा षड्ज आणि पाचपट म्हणजे त्याच सप्तकातला गंधार. म्हणजे गवयाच्या मागे तंबोरा जे करतो, ते इथे यंत्राची चूक करते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा घासतात आणि तारेखाली दोरा सरकवतात. तार घोडीला किंचित घासत राहते आणि त्या घासण्यातून वरचे सूर उमलतात. तार अगदी मोकळी, 'स्वच्छ' वाजली तर तो तंबोरा आपल्याला मुका वाटतो. आपल्या कानाला ही सवय व्हॉल्व्हच्या कितीतरी आधीपासून आहे.

इंटरनेटवर एक गोष्ट वारंवार वाचायला मिळते, की व्हॉल्व्ह सम पटीतले सूर देतो म्हणून गोड आणि ट्रान्झिस्टर विषम पटीतले देतो म्हणून कर्कश. हे अर्धंच खरं आहे. एकटा ट्रायोड व्हॉल्व्ह लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबतो, त्यामुळे दुप्पटीचा सूर ठळक येतो. पण लाऊडस्पीकरच्या मशीनमध्ये शेवटचे व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, एक ढकलतो आणि एक ओढतो. या जोडकामात सम पटीतले सूर एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि तिप्पटीचा पंचम पुढे येतो. आजोबांचं मशीन याच जातीचं. आमच्या पट्ट्यातल्या लग्नांत जो आवाज घुमला त्यात पंचमाचा वाटा मोठा होता, हे आजोबांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

मुंबईचा आवाज किती लांब जातो

सॅच्युरेशन ही चूक होती. कॉम्प्रेशन हा त्या चुकीवरचा उपाय म्हणून आला. संगीत गोड करायला तो आलाच नव्हता.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, त्याचा परिणामकारक पल्ला साधारण तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. मी नकाशावर अंतर मोजलं. फोर्टपासून मुरबाड सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास, शहापूर त्याहून थोडं लांब. म्हणजे भारतातल्या पहिल्या मोठ्या रेडिओ केंद्राचा आवाज कल्याणच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी विरून जात होता. आमच्यापर्यंत पोचली असेल ती खरखर. ती कंपनीही टिकली नाही, १९३० मध्ये बुडाली. पुढे सरकारने कारभार घेतला आणि १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

आता प्रक्षेपकाजवळच्या इंजिनिअरची अडचण बघा. प्रक्षेपकाला एक कमाल मर्यादा असते. तिच्यावर आवाज गेला तर तो फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या पट्ट्यातही घुसतो. म्हणून सगळ्यात मोठा आवाज मर्यादेच्या खाली ठेवायचा. पण मग गायकाने हळू आवाजात घेतलेली जागा इतकी हळू जाते की लांबच्या गावात ती खरखरीत बुडते. सुरुवातीला एक माणूस बटणावर हात ठेवून बसायचा. आवाज चढला की खाली, उतरला की वर. माणसाचा हात मात्र आवाजाच्या मागेच राहतो. तबल्याची थाप पडून गेल्यावर बटण खाली येऊन काय उपयोग?

उत्तर व्हॉल्व्हमध्येच सापडलं. १९३० च्या सुमारास अमेरिकेत स्टुअर्ट बॅलंटाइन आणि एच. ए. स्नो यांनी एक नवा व्हॉल्व्ह मांडला. त्याची जाळी सगळीकडे सारखी विणलेली नव्हती, काही ठिकाणी घट्ट आणि काही ठिकाणी विरळ होती. त्यामुळे जाळीवरचा दाब बदलला की त्या व्हॉल्व्हची आवाज वाढवायची ताकदच हळूहळू बदलते. मग बाहेर जाणाऱ्या आवाजाचाच थोडा भाग मोजायचा आणि त्या मापाने ही ताकद कमी करायची. आवाज स्वतःच स्वतःचं बटण फिरवू लागला. तिसाव्या दशकात रेडिओ केंद्रांवर असे लिमिटर बसू लागले.

गणित सोपं आहे. समजा उणे २० डेसिबल ही रेघ ठरवली आणि प्रमाण चारास एक. रेघेच्या वर चार पावलं जाणारा आवाज एकच पाऊल जाऊ द्यायचा. थाप उणे ८ वर आहे, म्हणजे रेघेच्या बारा वर. बाराचे तीन झाले, थाप उणे १७ वर आली. आता सगळाच आवाज नऊने वाढवता येतो. थाप परत उणे ८ वर, जिथे होती तिथेच. पण उणे ४० वरची कुजबूज उणे ३१ वर आली. मोठ्याचं काही बिघडलं नाही आणि छोटा नऊ पावलं पुढे आला.

कॉम्प्रेशन म्हणजे एवढंच. ते पहिल्यांदा लांबच्या श्रोत्यासाठी केलं गेलं, ज्याचा रेडिओ स्वस्त आहे आणि ज्याच्या गावात आवाज पोचेपर्यंत थकून जातो त्याच्यासाठी. म्हणजे आमच्यासाठीच म्हणा ना.

तसलाच बदलत्या ताकदीचा व्हॉल्व्ह जुन्या रेडिओच्या पोटातही असायचा. दूरच्या केंद्राचा आवाज लाटेसारखा येतो-जातो, तो एका पातळीवर धरून ठेवायचं काम त्याचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या १९ एप्रिलपर्यंत त्याची छप्पन्न गाणी लोकांनी ऐकली. प्रक्षेपक व्हॉल्व्हचा, घरातला रेडिओही व्हॉल्व्हचा. आपल्या आजी-आजोबांच्या कानात बसलेले बाबूजी दोन्ही टोकांना व्हॉल्व्हमधून आलेले होते. तो 'जुना गोडवा' म्हणताना आपण त्यातला किती भाग गळ्याचा आणि किती काचेचा, हे वेगळं करू शकत नाही.

१९४२ : एकीकडे व्हॉल्व्ह, एकीकडे मनोरा

आमच्या तालुक्याच्या इतिहासात वीज आणि आवाज एकदाच अगदी जवळ आले, १९४२ मध्ये.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर गांधीजी बोलले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवण्याचं काम त्या काळात शिकागो रेडिओ ही नानिक मोटवाने यांची मुंबईतली कंपनी करायची. जुन्या फोटोंत नेत्यांच्या पुढ्यातल्या माईकवर हे नाव वाचता येतं. सभेनंतर नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मग २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र बोलू लागलं, ४२.३४ मीटरवर. त्यामागे होती बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते प्रक्षेपक घेऊन मुंबईत जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्रसामग्री पुरवल्याचा ठपका मोटवाने यांच्यावरही आला होता, ते पुढे सुटले.

नेमक्या याच महिन्यांत, सप्टेंबर ते नोव्हेंबर, कर्जत-मुरबाडच्या डोंगरात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आपला आझाद दस्ता घेऊन फिरत होते. वकील माणूस, माथेरानच्या नगरपालिकेत काम केलेला, शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढलेला. या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. मुंबईची वीज तेव्हा बरीचशी सह्याद्रीच्या पायथ्याशी टाटांच्या खोपोली, भिवपुरी अशा केंद्रांतून जायची. मनोरा पडला की मुंबईतली गिरणी आणि आगगाडी अडते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे गोळीने गेले. आजही दर २ जानेवारीला लोक पहाटे अंधारात तिथे जमतात. मीही दोनदा गेलोय.

मी तिथे उभा असताना एक गोष्ट मनात आली. एकीकडे मुंबईत एक मुलगी व्हॉल्व्ह तापवून सरकारविरुद्ध बोलत होती, त्या व्हॉल्व्हला वीज लागत होती. दुसरीकडे आमच्याकडची माणसं त्याच शहराची वीज तोडत होती. दोघांचं भांडण एकाच सरकारशी होतं. फरक इतकाच की एकाकडे आवाज होता आणि दुसऱ्याकडे करवत. डोंगरातल्या माणसांकडे माईक नव्हता. त्यांचं म्हणणं ऐकू जायचं असेल तर शहरातला आवाज थोडा वेळ बंद पाडणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

आमच्या भागाचं आणि मुंबईचं नातं तसं पहिल्यापासून एकेरी आहे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. वैतरणा, भातसा पुढे झाले. तिन्ही शहापूर तालुक्यातले, आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी गावंही याच तालुक्यातली. १९३० च्या सुमारास कसारा मार्गावर १५०० व्होल्टच्या तारेखालून विजेची इंजिनं धावू लागली. पण त्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत दिवा लागायला पुढे कित्येक दशकं गेली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये. आमच्या गावात वीज आली तेव्हा बाबा शाळेत जात होते.

मशीनचा श्वास

म्हणून आजोबांनी सुरुवात केली ती बॅटरीवर. बारा व्होल्टच्या बॅटरीवर व्हॉल्व्ह चालत नाहीत, त्यांना शेकड्यांनी व्होल्ट लागतात. त्यासाठी मशीनमध्ये व्हायब्रेटर नावाचा भाग असायचा. तो सतत गुणगुणत बॅटरीचा प्रवाह तोडायचा-जोडायचा आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवायचा. बाबा सांगतात, लग्नात मंगलाष्टकं थांबली की ही गुणगुण ऐकू यायची. लोकांना तीही सवयीची होती. गुणगुण म्हणजे मशीन चालू आहे.

वीज आली तरी ती संध्याकाळी खाली बसायची. दिवे पिवळे पडायचे, व्हॉल्व्हही मंद व्हायचे. मशीनमधला राखीव विद्युत साठा आधीच तोकडा. त्यात ढोलकीची जोरात थाप आली की तो साठा क्षणभर रिकामा व्हायचा. आवाज दबायचा आणि मग हळूच परत फुगायचा. आज प्लगइनमध्ये यासाठी वेगळं बटण असतं. गिटारवाले या 'दबून फुगण्यावर' जीव टाकतात. आमच्याकडे ते मंडळाच्या कृपेने फुकट होतं.

आणि शेवटी कर्णा. कर्ण्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, फार वरचेही येत नाहीत. मधला पट्टाच तेवढा येतो. माणसाच्या बोलण्यातले शब्द ज्या पट्ट्यात कळतात तोच तो. म्हणून कर्ण्यातलं गाणं पत्र्यासारखं वाटतं, पण भातखाचरं ओलांडून पलीकडच्या पाड्यात शब्द कळतो. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत, खांबलिंगेश्वराच्या देवळापासून बैलबाजारापर्यंत, हरवलेल्या पोराचं नाव पुकारायला कर्ण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तिकडे जगात याच वस्तूंचा वेगळा प्रवास चालला होता. १९५९ मध्ये रेन नार्मा या मूळच्या एस्टोनियन इंजिनिअरने फेअरचाइल्ड ६६० हा कॉम्प्रेसर तयार केला. त्याचा दोन चॅनेलचा भाऊ ६७०, त्यात वीस व्हॉल्व्ह आणि वजन तीस किलोच्या घरात. तो केला होता तबकडी कापताना आवाज मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या इंजिनिअरांनी ६६० मधून ड्रम आणि गळे मुद्दाम दाबून काढले. उपाय म्हणून आलेली वस्तू तिथे रंग म्हणून वापरली गेली. साठच्या दशकातलाच एलए-२ए हा कॉम्प्रेसर तर उजेडावर चालतो. आवाज वाढला की आतला पत्रा उजळतो, समोरचा प्रकाशसंवेदक तो पाहतो आणि आवाज कमी करतो. उजेड लगेच पेटतो पण संवेदक सावकाश निवतो, म्हणून आवाज सोडतानाही तो सावकाश सोडतो. गळ्यावर तो शोभतो तो या सावकाशीमुळे.

आपल्याकडचे गायक मात्र हे काम शरीराने करत. 'महल'मधल्या, १९४९ च्या, त्या प्रसिद्ध गाण्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या लांबच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत आल्या, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. आमच्याकडचा भजनी बुवाही वरचा सूर लावताना मान मागे घेतो आणि कुजबुजताना माईकला ओठ टेकवतो. कॉम्प्रेसर त्याच्या मानेत आहे.

आज तो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. रीलमधलं गाणं, बातम्या, जाहिरात, सगळं दाबून एका पातळीवर आणलेलं असतं. गणपतीत डीजेची भिंत उभी राहते तेव्हा तिच्यापुढे कुजबूज नावाची गोष्टच उरत नाही. छोट्याला पुढे आणायला काढलेली युक्ती सगळ्यांनाच मोठं करायला वापरली, की कुणीच छोटा राहत नाही आणि कुणी ऐकूही येत नाही.

सप्ताहाची कॅसेट

मशीनसोबत माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात सात-आठ कॅसेट. एकीवर आजोबांच्या अक्षरात 'सप्ताह १९८६' लिहिलेलं. नव्या धंद्यात आजोबांनी कॅसेट रेकॉर्डर घेतला होता आणि गावच्या सप्ताहात तो कठड्यावर ठेवून दिला होता.

मी ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. टाळ, पखवाज, दहा-बारा पुरुषांचा चढलेला आवाज आणि प्रचंड खरखर. पहिला विचार आला तो आमच्या पिढीचा, स्वच्छ करून टाकू. आवाज आपोआप साफ करणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याला दिली. दोन मिनिटांत खरखर गेली. पुरुषांचे आवाज काचेसारखे स्वच्छ. मी खूश. फाइल घरच्या ग्रुपवर टाकली, अंगठे आले.

नंतर एका रात्री सहज मूळ फाइल ऐकत होतो. एका ठिकाणी पुरुष श्वास घ्यायला थांबतात. साध्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं, एक गरिबाचा कॉम्प्रेसरच. समोर शांतता झाली की ते मागचा आवाज वर उचलतं. त्या दीड-दोन सेकंदांत खरखर फुगते आणि तिच्यातून एक बाईचा आवाज वर येतो. ती अभंगाची ओळ पूर्ण करते. पुरुष परत सुरू झाले की ती बुडते. पुढच्या थांब्यात परत तीच.

मी स्वच्छ केलेली फाइल लावली. ती तिथे नव्हती. सॉफ्टवेअरने तिला खरखर समजून पुसून टाकलं होतं.

मग मी मूळ फाइलवर कॉम्प्रेशन लावलं. पुरुषांना दाबलं, सोडण्याचा वेळ कमी केला, म्हणजे ते थांबले की मागचं चटकन वर येईल. खरखरही वर आली, येऊ दिली. वरून त्या दोन हजारांच्या प्लगइनचं थोडं सॅच्युरेशन, कारण हळू आवाजाला वरचे सूर मिळाले की फोनच्या छोट्या स्पीकरवरही तो कळतो. अभंगाच्या अकरा थांब्यांमध्ये मिळून तिचा आवाज वीस सेकंद भरला. खडा, थोडा नाकातला, सुरात पक्का. माईक पुरुषांच्या पुढे होता. बायका खांबापलीकडे बसायच्या. तिच्यासाठी कुणी काही रेकॉर्ड करत नव्हतं.

मला खात्री होती की ती आजी आहे. रविवारी गावी गेलो, आजीच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटले. थांबा आला, आवाज आला. तिने माझा हात धरला.

"ही मी न्हाय रं," ती म्हणाली. "ही आमची थोरली."

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ, बाबांची मोठी काकू. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली. तिचा घरात फोटो नाही. काढलाच नव्हता कुणी. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांनी हेडफोन घेतला, एकदा ऐकलं, काही न बोलता अंगणात गेले आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, "परत लाव."

मी ग्रुपवर दुसरी फाइल टाकली. खरखरीसकट. खाली लिहिलं, पुरुष थांबतात तिथे नीट ऐका. या वेळी अंगठे आले नाहीत. आत्याचा फोन आला. मग चुलत्यांचा. थोरलीच्या मुलाने, जो आता साठीला आलाय आणि भिवंडीला असतो, रात्री साडेअकराला फोन केला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्याच्या बाजूला ती फाइल लागलेली मला ऐकू येत होती.

मशीन आता माळ्यावरून खाली आलंय. चारपैकी एक व्हॉल्व्ह फुटलाय, ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. मुरबाडमधल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने बघतो म्हटलंय. बाबांनी अट घातली आहे, की चालू झालं तर त्यावर पहिल्यांदा तीच कॅसेट लावायची. कर्णा अंगणात आंब्याला बांधायचा आणि तोंड रस्त्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या बाजूला करायचं. थोरली तिथे बसायची.